थांबून बोलणारा वर्ग

सोलापूर,
७ जुलै २०२४

आदरणीय सुंदरम्माबाई,

नमस्कार. मी अंकिता. मे महिन्यात तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात तुमच्या शेजारी बसून दोन वाट्या चिवडा खाल्ला, ती. तुम्ही निवृत्त झालात आणि तुमच्या जागी मी मराठीला लागले. तुमच्या जागी येणं म्हणजे काय ते आता कळतंय. खडू उलटा धरला तरी कुणीतरी सांगतं, "सुंदरम्माबाई असं करायच्या न्हाईत."

तुम्हाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्या भावाने उचलला आणि "अक्का म्हणते, पत्र लिहा" एवढं सांगून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. बी.एड.च्या परीक्षेनंतर हाताने इतकं लांब मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर चालवून घ्या.

काम असं. आपले मुख्याध्यापक राजशेखर सर यांनी या वर्षी नववीच्या तोंडी परीक्षेला माहितीपर भाषण ठेवलंय. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं, गुण वीस. माहितीला पाच, क्रमाला पाच, ओघाला पाच, उच्चार आणि हावभावाला पाच. सात मिळाले की पास. तक्ता सरांनी स्वतः तयार केलाय आणि वर प्लॅस्टिक चढवून आणलाय. तुमच्या कपाटात मात्र मला तक्ता नाही, दोऱ्याने बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे सापडले. प्रत्येक चिठ्ठीवर मुलांच्या हातच्या तीन ओळी. एकीवर लिहिलंय, "मेंढीला ताप आला की कान गरम लागतो." हे काय प्रकरण आहे? तुम्ही यावर गुण देत होता का?

आणि एका मुलीबद्दल विचारायचंय. जगदेवी. जूनमध्ये सीमेपलीकडच्या खेड्यातून आलीय. आठवीपर्यंत सगळं कानडीत, मराठीच्या नावाने शून्य. वडील इथे टॉवेलच्या कारखान्यात लागलेत. सरांनी तिला नववीत घेतलं, पण वडिलांच्या देखत मला बजावलं, "पहिल्या सत्राच्या तोंडीत सात आले नाहीत, तर दाखला देऊन टाकायचा. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल मला पाडायचा नाही." वडील म्हणाले, "तुमी काडली तर मी दुसरीकडं घालत न्हाय. टॉवेलाला काठ शिवायला बसवतो." पोरगी मध्ये उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, म्हणून ती आळीपाळीने आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत होती. ते बघणं काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी नातेपुत्याची. आमच्याकडे कानडी कुणाला येत नाही. काय करू ते सांगा.

तुमच्या खुर्चीत अवघडून बसलेली,
अंकिता

*

मंद्रूप,
१३ जुलै २०२४

चि. अंकिता,

पत्र पोचले. अक्षर वाचता येते, एवढे पुरे.

चिठ्ठ्या ही माझी खोड. भाषण झाले की ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय कळले ते तीन ओळींत लिहून द्यायचे. बोलणाऱ्याचे गुण मी त्यावरून ठरवत असे. बोलणारा छान दिसला, हात छान हलवले, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही, तर ते माहितीपर भाषण कसले? ही खोड कशी लागली ते विचारू नकोस. बत्तीस वर्षे शिकवले की माणसाला अशा खोडी जडतात. फोनचेही तसेच. मला तो आवडत नाही.

राजशेखर वाईट माणूस नाही. निकालाला भितो. त्याच्या तक्त्याशी भांडत बसू नकोस, वेळ जाईल. मुलांचा सराव घे, आणि त्या मुलीला सप्टेंबरपर्यंत काय जमते ते बघ. ती तोंडाकडे बघते असे लिहिलेस. बघू दे. बघणाऱ्याला बरेच कळते.

आशीर्वाद.
सुंदरम्मा

*

सोलापूर,
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

सराव घेतला, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. हा वर्ग तुम्ही दोन वर्षं सांभाळलात, तेव्हा तुम्हीच काय ते सांगा.

शिवू नावाचा मेंढपाळांचा मुलगा उठला. विषय, शेळीचं वय दातांवरून कसं ओळखायचं. विषय झकास, माहिती पक्की. पण एक वाक्य बोलला की थांबतो. मागे बघतो. मग दुसरं वाक्य. पुन्हा थांबतो. नांगराच्या तासाच्या टोकाला बैल उभा राहावा तसा. मला वाटलं, विसरला. पण त्याच्यामागून जो उठला तोही तसाच, आणि त्याच्यामागून आलेली मुलगीही तशीच. बेचाळीस जणांच्या वर्गात सलग बोलणारा एक नाही. मी सगळ्यांना ओघाला पाचपैकी एक दिला. वर चांगलं फैलावर घेतलं.

दुसरी कटकट म्हणजे काव्या. तिसऱ्या बाकावर जगदेवीशेजारी बसते आणि दुसऱ्याचं भाषण चालू असताना तोंडातल्या तोंडात सारखी पुटपुटते. मधूनमधून "अंद्रे, अंद्रे" असं ऐकू येतं. ही अंद्रे कुठल्या मालिकेतली नायिका आहे, देव जाणे. दोनदा समज दिली, ऐकलं नाही. शेवटी उचलून पहिल्या बाकावर एकटीला बसवलं, आणि तिच्या स्वतःच्या भाषणातले दोन गुण कापले.

पुटपुटणं बंद झालं. पण थांबणं सुटलं नाही, उलट वाढलं. आता बोलणारा थांबतो आणि सगळा वर्ग मान वळवून तिसऱ्या बाकाकडे बघतो. जगदेवी तिथे एकटी असते. आधी निदान वर बघायची, आता सगळा तास बाकाकडे बघत बसते. सातचं सोडा, ती एक वाक्य बोलेल असंही मला वाटत नाही.

रागावलेली,
अंकिता

*

मंद्रूप,
१० ऑगस्ट २०२४

अंकिता,

पत्र दोनदा वाचले. ताट वाढलेले होते, ते तसेच ठेवून लिहायला बसले आहे.

अंद्रे ही नायिका नव्हे. आमच्या कानडीत "अंद्रे" म्हणजे "म्हणजे". काव्याच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. ती पुटपुटत नव्हती, शिवूचे भाषण जगदेवीला कानडीत सांगत होती. आणि वर्ग अडखळत नव्हता. काव्याचे सांगून व्हावे म्हणून प्रत्येक जण वाक्यागणिक थांबत होता. मागे बघत होता तो, झाले का हे बघायला.

बेचाळीस पोरांनी आपापसांत ही सोय लावली, आणि तू त्याबद्दल ओघाचे गुण कापलेस. कापलेस ते कापलेस, जगदेवीच्या शेजारून तिचे कानही उचलून नेलेस.

रागावण्यासारखे लिहिले आहे खरे. पण तू लहान नाहीस. पत्र मिळताच काव्याला तिच्या जागी बसव. मग शिवूला पुन्हा बोलू दे आणि जगदेवीकडून चिठ्ठी घे. कानडीत लिहिली तरी चालेल. मला पाठव, मी वाचून सांगते.

सुंदरम्मा

*

सोलापूर,
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र शाळेत आलं, म्हणून शिक्षककक्षातच वाचलं. कान तापले. लगेच नववी ब मध्ये गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझं चुकलं. काव्याचा हात धरून तिला तिसऱ्या बाकावर नेलं, कापलेले गुण तिथेच वाढवले. मला वाटलं, पोरं हसतील. कुणी हसलं नाही. शिवू म्हणाला, "असूं द्या बाई, तुमाला कुटं म्हाईत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?" तर जो तो वही उघडून बसला. मी विचारलं, "हे थांबून बोलायचं तुम्हाला कुणी शिकवलं? जगदेवी तर जूनमध्ये आली, तुमची सवय जुनी दिसते." शिवूने काव्याकडे बघितलं, काव्याने खिडकीकडे. शेवटी शिवू एवढंच म्हणाला, "ते सुंदरम्माबाईंनाच इचारा." तेव्हा विचारते आहे.

जगदेवीची चिठ्ठी सोबत जोडली आहे. शिवूचं भाषण ऐकून लिहिलीय. तीनऐवजी चार ओळी आहेत, एवढंच मला कळलं.

आता तिच्या स्वतःच्या भाषणाचं. परीक्षा वीस सप्टेंबरला आहे आणि सर स्वतः तक्ता घेऊन बसणार आहेत. मी तिला प्रदूषणावरचं एक पान मराठीत पाठ करायला दिलंय. काव्या रोज घोकून घेते. परवा म्हणून दाखवलं. एका दमात म्हटलं, चूक एकही नाही. पण वर्गाकडून चिठ्ठ्या घेतल्या, तर अर्ध्या कोऱ्या आल्या आणि उरलेल्यांवर "प्रदूषण वाईट असते" एवढंच होतं. तरी ओघाला आणि उच्चाराला मिळून सात होतील असा माझा हिशोब आहे. चालेल ना?

अंकिता

*

मंद्रूप,
३१ ऑगस्ट २०२४

चि. अंकिता,

आधी चिठ्ठी. जगदेवीने लिहिले आहे: "दोन दात आले म्हणजे वर्ष-दीड वर्षाची. आठ दात म्हणजे चार वर्षे झाली. विकणारा तोंड उघडू देत नसेल तर शेळी घेऊ नये. हे शेवटचे सांगताना शिवू हसला, त्याअर्थी त्याच्या घरचे कुणीतरी फसले असावे."

अशी चिठ्ठी मला आजवर एकदाही मिळाली नाही. या मुलीला काही कळत नाही असे जो म्हणतो त्याला माझ्याकडे पाठव.

आता शिवूच्या प्रश्नाचे. त्याने ते माझ्यावर सोडले, तर मलाच सांगितले पाहिजे. अंकिता, मला ऐकू येत नाही. तीन वर्षांपूर्वी डावा कान गेला, मग हळूहळू उजवा. म्हणून फोन नको. मी शाळेत कुणाला सांगितले नाही. निवृत्तीला थोडीच वर्षे होती, आणि ऐकू न येणारी बाई भाषणांना गुण देते म्हटल्यावर काय झाले असते ते तूच बघ. चिठ्ठ्यांची खोड तेव्हाची. भाषण मला ऐकू यायचे नाही, म्हणून ऐकणाऱ्यांकडून लिहून घ्यायचे. नंतर लक्षात आले की ही रीत कानांपेक्षा बरी आहे, पण सुरुवात लपवाछपवीची होती.

पोरे बोलताना तोंड माझ्याकडे करून उभी राहायची. एक वाक्य बोलून थांबायची. मी ओठ बघून जमेल तेवढे टिपायची. मला वाटे, ही पोरे मुळातच सावकाश बोलणारी आहेत, आणि मी वर्गाला छान फसवते आहे. तुझे पत्र वाचून कळले की त्यांना सगळे ठाऊक होते. माझ्यासाठी थांबायला शिकली, आणि जगदेवी आली तेव्हा तिच्यासाठी थांबली. दोन वर्षांत एकाही पोराने बाहेर चकार शब्द काढला नाही. हे लिहिताना मला रडू आले, आणि ते आनंदाचे होते.

प्रदूषणाचे पान फाडून टाक. सात मिळतील न मिळतील, पण ती मुलगी त्यात कुठेच नाही. राजशेखर तक्ता घेऊन बसला तरी पाठांतर त्याला चांगले ओळखता येते. पहिल्याच उपप्रश्नाला ती उघडी पडेल. तिला विचार, तुझ्या गावात असे काय आहे जे या वर्गात कुणालाच माहीत नाही? ते तिला बोलू दे. मोडके बोलू दे. वीस दिवस आहेत.

सुंदरम्मा

*

सोलापूर,
२२ सप्टेंबर २०२४

माझ्या बाई,

परवा परीक्षा झाली. काल दिवसभर मला पत्र लिहायला स्वस्थ बसवेना, आज रविवार म्हणून बैठक मारलीय. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही माझे क्रमाचे गुण कापाल.

आधी विषय. काव्यामार्फत जगदेवीला तुमचा प्रश्न विचारला. तिने जमिनीकडे बोट दाखवलं. मग तिची कानडी ऐकून काव्या म्हणाली, "बाई, पेव." वर्गाला "पेव फुटणे" हा वाक्प्रचार तोंडपाठ आहे, दर परीक्षेला वाक्यात उपयोग करतात. पण पेव म्हणजे काय ते जगदेवी सोडली तर एकानेही पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. जगदेवीच्या आजोबांच्या अंगणात ते आहे, अजून त्यात धान्य ठेवतात.

मग पंधरा-सोळा दिवस धामधूम. काव्या अर्थ सांगायची, शिवू मराठी शब्द द्यायचा, जगदेवी ते कानडी अक्षरात वहीत उतरवायची. पाठ करायचं नाही, असा मी नियम घातला होता. रोज नव्याने सांगायचं. मराठी शिवूकडून घेतल्यामुळे ती शिवूसारखीच बोलायला लागली, त्याला माझा इलाज नव्हता.

शुक्रवारी सर मागच्या खुर्चीत तक्ता घेऊन बसले. काव्याला त्यांनी मुद्दाम दाराशी बसवलं, म्हणजे मदत नको. जगदेवी उभी राहिली. मग ती बोलायला लागली.

"पेव म्हंजे जमिनीतलं कोठार. मुरमात खड्डा काडायचा. तोंड बारीक, पोट मोठं." थांबली. "खाली कडबा. बाजूनं कडबा. मदी जुंधळा. वर परत कडबा, मग फरशी, मग माती." थांबली. "चार वरीस काय व्हत न्हाय. भिंतीकडचा जुंधळा काळा पडतो, त्याला वास येतो. मदला चांगला ऱ्हातो." थांबली. "उगडलं की लगीच आत जायचं न्हाय. आत वाईट हवा हाय. मानूस मरतो. कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील इजला तर जायचं न्हाय. एक दिस थांबायचं. परत कंदील सोडायचा."

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. घाबरून नव्हे. आमच्या वर्गाने तिच्यासमोर दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने भाषण केलेलंच नाही, त्यामुळे तिला वाटतं की भाषण असंच करतात. सर मात्र ओघाच्या रकान्यात काहीतरी लिहीत होते आणि मला खात्री होती की तो शून्य आहे.

भाषण संपलं. मी वर्गाकडून चिठ्ठ्या घेतल्या आणि गठ्ठा सरांपुढे ठेवला. सरांनी मधल्याच पाच उपसल्या. पाचही चिठ्ठ्यांवर कंदील होता. एकाने तर चित्र काढलं होतं. सर म्हणाले, "हे ठीक आहे. पण पाठ करूनही इतकं म्हणता येतं. मी एक प्रश्न विचारतो. मराठीत उत्तर आलं तर गुण, नाहीतर ठरल्याप्रमाणे दाखला." ते हे मराठीत बोलले आणि जगदेवीला ते कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

मग सर प्रश्न विचारायला उठले. तोंड उघडलं, थांबले, तक्ता खुर्चीवर ठेवला, आणि भलतंच झालं. ते कानडीत बोलले. बाई, राजशेखर सरांना कानडी येते हे चार महिन्यांत मला कळलेलं नव्हतं. शाळेत त्यांच्या तोंडून एक शब्द कधी ऐकला नाही. सरांच्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नसावं. परीक्षा घेणाऱ्याचा आवाजच नव्हता तो, खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं असलेल्या माणसाचा होता.

काय विचारलं ते मला काव्याने नंतर सांगितलं, तुम्हाला आत्ताच सांगते. पेवाचं तोंड फरशी आणि मातीखाली बुजवलं, वरून सगळं अंगण सारखंच दिसतं. मग चार वर्षांनी ते सापडतं कसं?

जगदेवीला कानडीत उत्तर देणं काय अवघड होतं? समोरून तिच्याच भाषेत प्रश्न आला होता, आणि तोही मुख्याध्यापकांकडून. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दाराशी काव्या अर्धी उठली होती, तिच्याकडे तिने बघितलं नाही. सरांकडे बघून सावकाश म्हणाली,

"उंबऱ्यापासनं अज्जाची नऊ पावलं, सर. माजी बारा. मी मोजून ठिवलीत."

मग शिवूने बाकावर हात मारला, आणि त्यानंतर जो दंगा झाला तो शेजारच्या वर्गातल्या बाई विचारायला आल्या तरी थांबेना. सरांनी त्यांना हातानेच "जाऊ द्या" म्हटलं. मी रडत होते. मुलांसमोर रडू नये वगैरे मला माहीत आहे.

सर खाली बसले. तक्ता आणि गुणांचा कागद मांडीवर घेतला, उच्चाराच्या रकान्यात एकाचे दोन केले आणि कागद माझ्याकडे दिला. माहिती पाच, क्रम पाच, ओघ एक, उच्चार दोन. वीसपैकी तेरा. ओघाला एकच दिला म्हणून मी भांडले नाही. त्यांच्या तक्त्याने, त्यांच्या पेनाने, एकही गुण भीक न मागता ती पास झाली आहे.

काल तिचे वडील आले होते. दाखला न्यायचा म्हणून कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून. सर त्यांच्याशी व्हरांड्यात उभं राहून कानडीत बोलले, सगळ्या शाळेच्या देखत, चांगला पाव तास. मला कळलं नाही, पण वडिलांनी मध्येच डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. जाताना ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, काठ शिवायचं मशीन मी बोलून ठिवलं होतं. आता नको म्हनून सांगतो."

तुमची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. ज्यांना ती माहीत असायला हवी त्यांना माझ्याआधीच माहीत होती.

निघताना मी सरांना विचारलं, "मग दाखल्याचं काय करायचं, सर?"

सर म्हणाले, "कसला दाखला? दहावीला ही इथूनच बसणार."

जिंकलो, बाई. बेचाळीसच्या बेचाळीस, आणि तुम्ही.

तुमची,
अंकिता